कोंबड्यांच्या हाकेला येणारा शिक्रा

शिक्रा आमच्याकडे आला तो भाजीच्या जाळीत गुंडाळलेला. धान निघून शेतातल्या बांध्या मोकळ्या झाल्या होत्या आणि गावातल्या एका शेतकऱ्याने वालाच्या वेलांवर वानरं येऊ नयेत म्हणून नायलॉनची जाळी टाकली होती. वानरं आली, जाळी उचलून वाल खाऊन गेली. अडकला तो चिमण्यांच्या मागे लागलेला हा बिचारा. त्या शेतकऱ्याने त्याला जाळीसकट टोपलीत घातलं, टोपली आमच्या अंगणात आणून ठेवली आणि म्हणाला, "मॅडम, तुमचा पाहुणा आला."

माझा पाहुणा म्हणायचं कारण असं, की मी गोंदियाच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते आणि काही वर्षांपूर्वी एका वनरक्षकाने पंख दुखावलेलं घुबड माझ्या गळ्यात बांधलं होतं. ते जगलं. तेव्हापासून आमच्या बिरसीच्या आसपासच्या चार गावांत कुठे घार पडली, कुठे गव्हाणी घुबडाला कावळ्यांनी टोचलं, की टोपली आमच्या दारात. मग वनखात्याला कळवायचं, शहरातल्या जनावरांच्या डॉक्टरांना दाखवायचं, बरं झालं की सोडून द्यायचं. घरात याला माझा दवाखाना म्हणतात, आणि कौतुकाने म्हणतात असं मुळीच नाही.

डॉक्टरांनी शिक्र्याचा पंख ताणून पाहिला, बोटांनी चाचपला. "हड्डी सही है मॅडम, मांस फटा है. लेकिन टाइम लगेगा," असं म्हणून त्यांनी पंख अंगाशी धरून पट्टी बांधली. पक्षी कोवळा होता, त्याच वर्षी घरट्यातून बाहेर पडलेला. छातीवर तपकिरी ठिपक्यांच्या ओळी, डोळे लिंबासारखे पिवळे. वय वाढेल तसे हे डोळे नारिंगी होत जातात, थेट लालसर होतात. शेपटीतलं एक पीस जाळीत वाकडं झालं होतं. कबुतराएवढा जीव, पण टोपलीतून बघताना असा बघायचा की आपणच काहीतरी चोरून आणलंय असं वाटावं.

खरी पंचाईत पुढे होती. माझ्या सासूबाईंना घरातले सगळे माय म्हणतात, मीही म्हणते, आणि मायचा जीव कोंबड्यांत. कोंबडीवाल्या बाईच्या घरात शिक्रा आणणं म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगायला नको. आमच्याकडे लहान-मोठ्या सगळ्या शिकारी पाखरांना चिलच म्हणतात, आणि चिल म्हणजे पिल्लं उचलणारी.

"चोराले घरात आणून त्याची मलमपट्टी कायले करून राहिली वं?" मायने विचारलं.

"मेला असता माय."

"मरते तं मरू दे. मी काही त्याले हात लावत नाही."

पण मी सकाळी कॉलेजला जाते ती संध्याकाळीच परतते, आणि नवऱ्याला रक्त बघवत नाही. दिवसाचं खाणं मायनेच घालायचं हे ठरलेलंच होतं. फक्त ते तिने कबूल करेपर्यंत दोन दिवस भांडी जरा जोरात आपटली.

धान विकून रिकामी झालेली खोली आम्ही शिक्र्याला दिली. खिडकीला बांबूचा तट्ट्या लावला, कारण लोखंडी जाळीवर पिसं मोडतात. बसायच्या दांड्याला गोणपाट गुंडाळलं. खाणं उंदरांचं. धानाच्या गावात उंदरांना तोटा नाही, आणि एरवी पिंजऱ्यातला उंदीर गावाबाहेर फेकणाऱ्या बाया तो आमच्याकडे आणून देऊ लागल्या. माय प्रत्येकीला दारातच अडवून विचारायची, "दवाई टाकली होती काय घरात?" विषाचा उंदीर शिक्र्याच्या पोटात गेला तर शिक्रा गेलाच, हे मी तिला एकदा सांगितलं होतं. तिने ते गावाला शंभरदा सांगितलं.

दुसरा नियम मी कडक केला होता. त्याला खाणं घालताना चेहरा दाखवायचा नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, लाड तर अजिबात नाही. माणूस म्हणजे जेवण, असं एकदा डोक्यात बसलं की असं पाखरू रानात टिकत नाही. मायने पदर पार हनुवटीपर्यंत ओढला आणि आतून म्हणाली, "सासऱ्यासमोर घेतला नाही एवढा पदर या चिलीसमोर घेऊन राहिली मी." मग पदरातल्या पदरात तिला हसू आवरेना.

तोंड बंद ठेवायचं होतं, डोळे नव्हे. मी संध्याकाळी घरी आले की माय प्रश्नांची थप्पी घेऊन बसलेली असायची. याले तहान लागत नाही काय? खाताना पंख पसरून उंदराले झाकते कायले, कोन हिसकून राहिलं त्याचा? याची पापणी खालून वर काऊन मिटते? या शेवटच्या प्रश्नावर मी म्हटलं, कोंबडीचीही तशीच मिटते. माय तडक अंगणात गेली, पेंगणाऱ्या कोंबडीसमोर उकिडवी बसली आणि बराच वेळ उठली नाही. "सारी जिनगी कोंबड्या पाळल्या अन् हे पाहिलंच नाही," ती म्हणाली. मला खरं म्हणजे तिचा हेवा वाटला. माझ्या वर्गात साठ पोरं बसतात आणि असा एक प्रश्न वर्षभरात येत नाही.

एका सकाळी ती घाबरून मला बोलवायला आली. शिक्रा मान लांब करून ओकारी काढत होता. त्याने चोच उघडली आणि एक करडी गोळी खाली टाकली. मी ती वर्तमानपत्रावर घेतली, सुईने उकलली. आत उंदराचे केस आणि न पचलेली बारीक हाडं. केसांमध्ये पिवळट दात असलेला एवढासा जबडा निघाला तेव्हा मायने माझ्या हातातून सुईच काढून घेतली. त्यानंतर गोळी उकलायचं काम तिचं. शेजारणीही बघायला येत. आधी नाकाला पदर लावत, मग पुढे सरकत, मग म्हणत, "हा तं आमच्याच घरचा उंदीर दिसते."

पंखाची पट्टी सुटली, तसं मी त्याला मोकळ्या बांधीत नेऊन पायाला लांब दोरी बांधून उडवायला सुरुवात केली. एका खुंटावरून दुसऱ्या खुंटावर. पहिल्यांदा तो मध्येच भुईवर बसला आणि त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू चूक माझीच. बिरसीच्या विमानतळावर विमान चालवायला शिकणारी पोरं आहेत, त्यांची लहानगी विमानं दिवसभर आमच्या डोक्यावर गोल फिरत असतात. आम्ही आता मान वर करत नाही, पण शिक्रा प्रत्येक विमानाला मान वाकडी करून एका डोळ्याने न्याहाळायचा. बांधावर बसलेली माय म्हणायची, "वरचेही शिकून राहिले, खालचाही शिकून राहिला." तो मात्र वरच्यांपेक्षा लवकर शिकला.

मोहफुलं टपकायला लागली होती तेव्हा आम्ही त्याला सोडलं. शिक्रा काही घनदाट रानातलं पाखरू नव्हे, गावाच्या कडेच्या झाडांवर राहणारा. त्यामुळे नागझिऱ्याच्या जंगलात वगैरे न्यायची गरज नव्हती. वनरक्षक आले, मी खोलीचं दार उघडलं आणि तो आमच्या डोक्यांवरून सरळ बांधावरच्या मोहाच्या झाडात शिरला. "गेला बापा," माय म्हणाली आणि लगेच गोणपाट धुवायला घेतलं. चार दिवसांनी मीही त्याला विसरले, कारण परीक्षा जवळ आल्या होत्या.

मग एका संध्याकाळी शेजारीण आली. आमच्या कुंपणापलीकडे राहते, चाळिशीची, बोलायला फटकळ. मायला काकी म्हणते.

"काकी, तुमचं पाखरू माह्या भिंतीवर येऊन बसते."

"आमचाच कशावरून?" मी विचारलं. "शिक्रे पुष्कळ आहेत."

"शेपटीचं पीस वाकडं आहे जी. अन् मॅडम, पिल्लं उचलणारी चिल लपून येते. हा समोर येऊन बसते अन् माह्या तोंडाकडे पायते. काल बसला, परवा बसला. आज एक पिल्लू घेऊन गेला."

तिचं बोलणं मला खोटं वाटेना. पिल्लू नेलं यात काही नवल नव्हतं, शिक्र्याचा तो धंदाच आहे. पण समोर येऊन बसणं, तोंडाकडे बघणं, हे शिक्र्याचं वागणं नव्हतं. आणि खाणं घालताना आम्ही तर त्याला तोंड दाखवलंच नव्हतं. त्या आठवड्यात आणखी तीन घरांतून हीच तक्रार आली, दोन पिल्लं गेली. प्रत्येक बाई हेच सांगत होती की कोंबड्या आत घ्यायच्या वेळी येतो. मी आधी त्या वेळेवरच संशय घेतला. मग बायांच्या हातातल्या सुपावर, मग साडीच्या रंगावरसुद्धा. शेवटी रविवारी मायला अंगणात उभं केलं आणि मोहाच्या झाडाकडे डोळे लावून बसले.

माय नुसती फिरली. काही नाही. सुपात दाणे वाजवले. कोंबड्यांनी माना वर केल्या, झाड गप्प. मग मायने रोजच्यासारखी हाक दिली, "तीऽ ती ती ती, तीऽ ती ती ती."

फांद्यांतून तो निघाला, जमिनीला लागून आला आणि आमच्या भिंतीवर बसला. कोंबड्या कोकलत घरात पळाल्या. तो मायकडे बघत होता.

मी तीच हाक देऊन पाहिली. मी भंडाऱ्याकडची, नोकरीवाली, मला काही ती नीट जमली नाही. शिक्रा तर हललाच नाही, कोंबड्यासुद्धा आल्या नाहीत.

मायच्या लक्षात माझ्या आधी आलं. ती खाली बसली. शिक्रा घरात होता तेव्हा रोज दुपार कलली की ती आधी कोंबड्यांना हाक मारून खुराड्यात कोंडायची, दार उघडताच एखादं पिल्लू खोलीत शिरायला नको म्हणून. खुराडं लावलं की पदर ओढायचा, उंदीर घ्यायचा, दार उघडायचं. चेहरा झाकला, शब्द बोलली नाही, माझे सगळे नियम पाळले. पण आत अंधारात बसलेल्या शिक्र्याला रोज आधी ती हाक ऐकू यायची आणि मग जेवण यायचं. आणि आमच्या गावात कोंबड्यांना हीच एक हाक आहे. प्रत्येक अंगणातून, रोज संध्याकाळी. बिचाऱ्याला वाटत असणार, सारं गाव आपल्याला जेवायला बोलावतंय.

मला हे इतकं नवलाचं वाटलं की मी टाळीच वाजवली. माय माझ्याकडे बघून म्हणाली, "टाळी कायची वाजवतं? मारतील ना त्याले."

खरंच होतं. शेजारणीच्या नवऱ्याने खडे मारायची गुलेल काढून ठेवली होती. मी त्याला सांगायला गेले की शिक्रा मारणं हा गुन्हा आहे, कायदा आहे. तो म्हणाला, "अन् आमच्या पिल्लांचा कायदा कोनता आहे मॅडम?"  मग म्हणाला, आठवडाभर पाहतो, तुमचा मान म्हणून. मी वनखात्यात फोन केला. तिकडून सांगितलं, माणसाला सोकावलेलं पाखरू असेल तर पकडून द्या, मोठ्या पिंजऱ्यात ठेवू. पकडणं सोपं होतं, हाक मारली की येत होता. पण तिथे गेलेलं पाखरू परत सुटत नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणजे आठवड्याच्या शेवटी एक तर गुलेल, नाही तर जन्मभराचा पिंजरा.

मायने बायांना अंगणात बोलावलं. तिचा उपाय सरळ होता. चिल हाक इसरत नसेल तं हाक बदला. कुणाला पटलं, कुणाला हसू आलं, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी करून पाहिलं. एकीने थाळी वाजवली. एकीने शीळ घातली. गोंदियात वाढलेली एक नवी सून हिंदीतून "आओ, आओ" करत अंगणभर हिंडली. कोंबड्या दगडासारख्या उभ्या राहून बघत होत्या. दिवस मावळायला आला, कोंबड्या कौलांवर चढून बसल्या, आणि मग कुठल्याशा अंगणातून जुनी हाक आली. आधी दबकत, मग मोठ्याने, मग सगळीकडून. तिच्यामागोमाग शिक्राही आला. त्या संध्याकाळी गाव पोट धरून हसलं, पण एक पिल्लू गेलंच.

आता एकच वाट उरली होती, आणि ती मला पहिल्या दिवसापासून दिसत होती. बोलायला जीभ रेटत नव्हती एवढंच. जी हाक ऐकून तो येतो, त्याच हाकेला भीती चिकटवायची. हाक मारायची, तो आला की थाळ्या बडवायच्या, आरडाओरडा करायचा, ढेकळं मारायची. आणि सुरुवात मायने करायची, कारण तिच्या आवाजावर त्याचा सगळ्यात जास्त विश्वास.

"घास भरवला मी त्याले," माय म्हणाली. "आता ढेकूळ मारू?"

"नाही तर पिंजरा. नाही तर गुलेल. तुम्हीच सांगा." मी जरा जोरातच बोलले. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, आणि अशा वेळी माझा आवाज चढतो.

 संध्याकाळी माय हातात थाळी घेऊन उभी राहिली, तिने हाक दिली. तो आला, भिंतीवर बसला, पंख सारखे केले. मायचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. तिला थाळी वाजवता येईना. कुंपणापलीकडून खडा सुटला, शिक्र्याच्या पायाखाली भिंतीवर आपटला. तो उडून मोहावर गेला. शेजारणीचा नवरा गुलेल खाली करत म्हणाला, "ही ताकीद व्हय काकी. आता नेम चुकवणार नाही."

मायने मोहाकडे बघितलं आणि पुन्हा हाक दिली, घाबऱ्या आवाजात. तो लगेच परत आला. खड्याचा आणि हाकेचा काही संबंध आहे हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्याच जागी बसला, तसाच, मायकडे बघत.

तेव्हा मायने थाळी जमिनीवर टाकली आणि ढेकूळ उचललं. आयुष्यभर धानावरची पाखरं हाकललेला हात तो, चुकला नाही. ढेकूळ शिक्र्याच्या त्याच पंखावर लागलं ज्याला आम्ही पट्टी बांधली होती. तो लटपटला, ओरडला.  मग तिने दुसरं ढेकूळ उचललं, आणि तिसरं, आणि मला कधी ऐकवल्या नव्हत्या अशा शिव्या देत ती भिंतीपर्यंत धावत गेली. कुंपणापलीकडून शेजारणीने थाळी बडवायला घेतली, तिच्या पलीकडून आणखी कुणी. शिक्रा मोहावर थांबला नाही. बांध्यांवरून पार पलीकडे गेला.

"लंगडला काय?" मायने मला विचारलं. "पाहिलं ना तू? नीट उडाला?"

"नीट उडाला," मी म्हटलं. मला खात्री नव्हती.

पुढे काही दिवस रोज हेच चाललं. प्रत्येक अंगणातून हाक, आणि हाकेमागून थाळ्या, ढेकळं, ओरडणं. कोंबड्यांनाही याची सवय झाली, त्या हाक ऐकली की दुप्पट वेगाने खुराड्यात शिरू लागल्या. शिक्रा दुसऱ्या दिवशी भिंतीपर्यंत आलाच नाही, कुंपणाच्या काठीवर थांबला. मग नुसता मोहावर दिसायचा, फांद्यांच्या आत, हाक आली की एक एक पाऊल मागे सरकत. तो तसा मागे सरकला की बाया खूश व्हायच्या. मीही व्हायचे, आणि लगेच वाईट वाटायचं. आमच्या कामात पाखरू आपल्याला भ्यायलं की काम चांगलं झालं म्हणतात. हे मी मुलांना वर्गात मोठ्या ऐटीत सांगत आले आहे.

आठवडा भरला त्या संध्याकाळी सगळ्याजणी आमच्या अंगणात जमल्या. शेजारणीचा नवराही आला, गुलेल न घेता. आज थाळ्या नाहीत, ढेकळं नाहीत, नुसती हाक द्यायची आणि बघायचं, असं ठरलं होतं. मोहाच्या शेंड्याला शिक्रा बसलेला मला दिसत होता. वाकडं पीस उन्हात नीट ओळखू येत होतं.

मायने हाक दिली.

पहिल्या "ती" लाच तो उडाला. आमच्याकडे नाही, उलट्या बाजूला, खाली झेप घेऊन बांध्यांवरून तलावाकडच्या झाडांत. इतका सरळ आणि जोरात, की पंखाची काळजी तिथेच संपली. शेजारणीने टाळ्या वाजवल्या. तिचा नवरा म्हणाला, "झालं काकी, सुटलो सारे." बाया हसत-बोलत आपापल्या घरी निघाल्या, आपापल्या कोंबड्या आत घ्यायच्या होत्या त्यांना.

आमच्या कोंबड्या एव्हाना सगळ्या आत आल्या होत्या. माय तलावाकडे तोंड करून हाक देतच होती, हळू, कोंबड्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू. मी तिला थांबवलं नाही. मीच जाऊन खुराड्याचं दार लावलं.